सुगीतली सुनावणी

सुगी लागली की आमच्या गावात दुपारी कुणी घरात सापडत नाही. दाराला कडी, अंगणात कोंबड्या, कट्ट्यावर एखादं म्हातारं माणूस आणि बाकी सगळा गाव शिवारात. बेळगावच्या दक्षिणेला, येळ्ळूरच्या अलीकडे असलेलं हे शिवार सखल आहे, काळ्या मातीचं आहे आणि पावसाळ्यातलं पाणी कार्तिकापर्यंत धरून ठेवतं. त्या ओलीवर इथला बासमती पिकतो. सकाळी दव असतं म्हणून विळा उशिरा लागतो. ऊन चढलं की कापलेल्या धाटांचा ओलसर, गोडसर वास उठतो आणि डांबरी रस्त्यापर्यंत येतो. वारा वडगावकडून असला तर त्यात मागांची खटखट मिसळलेली असते. सांबऱ्याला उतरणारं विमान डोक्यावरून जातं, पण हल्ली विळा थांबवून कुणी वर पाहत नाही.

यंदाही कापणी सुरू आहे. हे वाक्य बातमी म्हणून कुठलाही उपसंपादक छापणार नाही. मीही इतकी वर्षं बेळगावच्या एका दैनिकात काम करताना अशी वाक्यं काढूनच टाकत आलो. पण काही वर्षांपूर्वीच्या एका सुगीत, हे वाक्य पुढे कधी लिहिता येईल की नाही याचीच शंका होती. यंदा पहिली पेंढी बांधलेली पाहिली आणि ती सुगी आठवली.

त्या वर्षी शहराच्या वाढीचा आराखडा जाहीर झाला होता. शहर कुठल्या दिशेनं वाढणार, रस्ते कुठून जाणार, कुठं घरं होणार आणि कुठं शेतीच राहणार, हे त्यात रंगांनी दाखवलं होतं. त्याचा नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लावला होता. भिंत ओलसर असल्यानं त्याचा एक कोपरा सुटून वाऱ्यावर हलत असे. आमचं शिवार त्यात पिवळं होतं.

लक्ष्मीआक्का नकाशा बघायला आली तेव्हा तिच्या पदराला शेतातला चिखल लागलेला होता. तिचा नवरा कारखान्यात पाळीला जातो. शेत ती एकटी बघते. शेत म्हणजे शिवाराच्या मधोमध एक लांबट पट्टी, आणि तेवढीच. दुसरीकडे गुंठाभरही नाही.

"हे पिवळं काय म्हणायचं?" तिनं विचारलं.

"वस्ती. इथं घरं होणार. हिरवं ते शेतीचं," मी सांगितलं.

"आणि ह्या दोन रेघा?"

"रस्ता."

तिनं बोट रेघांवरून वरून खाली नेलं, मग खालून वर. "आडवा गेला असता तर दोन तुकडं तरी हातात ऱ्हायलं असतं. ह्यो तर उभा गेलाय की रं. मला काठसुदीक ठेवला न्हाय."

मागं कल्लाप्पा अण्णा उभे होते. आक्काच्या पट्टीला लागूनच त्यांचं शेत. नकाशावर तेही पिवळं होतं, पण रस्त्यातून वाचलेलं. वातावरण हलकं करावं म्हणून असेल, ते म्हणाले, "आक्का, शेताला हळद लागली बघ तुझ्या."

"हळद लागली म्हंजे लगीन ठरलं," आक्का म्हणाली. "नवरा कोण हाय ते तरी सांगा, अण्णा. पोरगी माझी हाय."

सगळे हसले. ती हसली नाही. पुन्हा एकदा रेघांवरून बोट फिरवून शेताकडे निघून गेली.

नकाशा वाचायला शिकणं ही एक विचित्र गोष्ट असते. रोज पायांखाली असलेली जमीन तिथे बोटाच्या पेरात मावते. ओढा म्हणजे निळा केस. देऊळ म्हणजे ठिपका. ज्या वडाखाली पावसात थांबायचं तो वड नसतोच. त्या दिवसांत पंचायतीसमोरून जाणारा प्रत्येक जण क्षणभर थांबून आपला ठिपका शोधायचा. सापडला की त्याचा रंग बघायचा.

हरकत घ्यायला ठरावीक मुदत होती. हरकत आली नाही तर लोकांना आराखडा मान्य आहे असं धरलं जातं. नियम साधा होता. पण आराखड्याबरोबरचा सगळा मजकूर कानडीत होता, आणि आमचं गाव तिथे अडलं.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. सीमाभागातल्या गावाला भाषा हा विषय काढावा लागत नाही, तो आधीच तिथे बसलेला असतो. कल्लाप्पा अण्णांची उमेदीची वर्षं सीमालढ्यात गेली. मोर्चे, लाठ्या, खटले, सगळं त्यांनी पाहिलं आहे, आणि त्याबद्दल ते फुशारकीनं बोलत नाहीत. देवळाच्या कट्ट्यावर बैठक झाली तेव्हा ते उठले आणि शांतपणे म्हणाले, "कागद कानडीत. नकाशावर गावाचं नाव कानडीत. माझ्या शेताचं काय करणार हाईत ते मला दुसऱ्याकडनं वाचून घ्यावं लागतंय. ह्याच्यावर हरकत घेतली म्हंजे ह्यो कागद आपुन मान्य केला. आदी मराठीत द्या म्हणावं. तवर एकबी अर्ज जायचा न्हाय."

टाळ्या पडल्या. मागणी चुकीची नव्हती. ज्यांची जमीन जाणार त्यांना ती का आणि कुठे जाणार हे त्यांच्या भाषेत कळायला हवं, यात वाद घालण्यासारखं काही नाही. मराठी प्रतीसाठी अर्ज गेला. उत्तर आलं नाही. पुन्हा अर्ज गेला. गाव आपल्या मागणीवर ठाम होतं आणि त्या ठामपणाचं गावाला समाधानही होतं. मुदत मात्र कुठल्याच भाषेत थांबत नव्हती.

शिवारात त्या वेळी भात पोटरीतून बाहेर पडत होतं. बासमती फुलोऱ्यात असताना संध्याकाळी शेतातून चाललं की स्वयंपाकघरातून चालल्यासारखं वाटतं. त्या वासात उभं राहून लोक अर्जाचं बोलत होते, आणि अर्ज जात नव्हता.

मग जिनाप्पा आले. ते निपाणीकडचे. घरची तंबाखूची वखार, आणि दर सुगीच्या आधी उभा बासमती पाहून सौदा ठरवायला इकडे चक्कर. घरात मराठी बोलतात, बाजारात कानडी, आणि रागावले की दोन्ही. कट्ट्यावर चहा घेताना त्यांना सगळी हकिगत समजली.

"म्हंजे अजून एकबी हरकत न्हाय?" त्यांनी कप खाली ठेवला. "आमच्या शेजारच्या गावात असंच झालतं. भाषेचं भांडण नव्हतं तिथं, नुसता आळस. कोण बोललं न्हाय. रस्ता पडला चांगल्या रानातनं. आता रोज बोलत्यात. आता ऐकणार कोण?"

"तुमचं वेगळं, जिनाप्पा. तुमास्नी दोन्ही येतंय," अण्णा म्हणाले.

"येतंय तर वापरा की मला! फुकट हाय मी."

आक्का कट्ट्याच्या कडेला पेंढ्यांसाठी दोऱ्या वळत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "अण्णा, एक इचारतो. घरात चोर शिरला आणि त्यो कानडीत बोलालाय, तर आपुन वरडायचं न्हाय असं हाय काय?"

"चोर मराठी बोलणारा पण असतंय, आक्का," जिनाप्पा म्हणाले.

"असू दे की. वरडायचं कवा, तेवढं सांगा मला. त्यो गेल्यावर?"

 अण्णांच्या आयुष्यातला मोठा भाग ज्या एका गोष्टीसाठी गेला, ती गोष्ट आणि या बाईची पट्टी आता समोरासमोर उभी होती. शेवटी ते म्हणाले, "पयली ओळ माझी. मराठी प्रत मिळाली पायजे, ही मागणी पयली. मग खाली तुमची हरकत. आणि दोन्ही भाषेत. मराठी वर, कानडी खाली."

"हौदु, बरोबर हाय," जिनाप्पा म्हणाले. "वर तुमचं, खाली आमचं. जागा दोघांचीबी भरली."

हरकती मुदतीत पोहोचल्या. गावानं सुस्कारा सोडला, तो जरा लवकरच. सुनावणीची तारीख कळली आणि ती नेमकी सुगीत पडली होती.

पिकलेला बासमती थांबत नाही. दोन दिवस उशीर झाला की लोंबीतले दाणे मातीत गळतात. वर आभाळ भरून आलं तर उभं पीक आडवं होतं. त्या आठवड्यात आभाळ भरून येत होतं. सुनावणीला गेलं तर पीक हातचं जाणार, आणि शेतात थांबलं तर शेतच जाणार, अशी ती गाठ होती. गावातला कुणीही या दोन्हींपैकी एक सोडायला तयार नव्हता, आणि त्यात शहाणपणच होतं.

तोड पैऱ्याची निघाली. पैरा आमच्याकडे नवा नाही. आज माझे हात तुझ्या शेतात, उद्या तुझे माझ्या शेतात. मजुरी नाही, लेखाजोखा नाही. जे काम घेतलं तेच परत करायचं, कापणीला कापणी आणि मळणीला मळणी. आक्कानं सुचवलं की ज्या घरातलं माणूस सुनावणीला जाईल त्याची कापणी बाकीच्यांनी करायची.

अण्णांना ते पटेना. "कापायचा पैरा कापूनच फिटतोय. कचेरीत पंख्याखाली खुर्चीत बसायचा कसला पैरा?"

"खुर्ची मिळंल असं कोण म्हणालं तुमास्नी?" आक्का म्हणाली.

"बरं, हुबं ऱ्हायचा. त्यो तरी कसला पैरा?"

"बोलायचा. जो थांबलाय त्याच्या वाटचं जो गेलाय त्यानं बोलायचं."

अण्णा विचारात पडले. मग पैऱ्याच्या जुन्या जाणकारासारखं त्यांनी कलम घातलं: "ठीक हाय. पण गप बसून आला तर पैरा धरायचा न्हाय. तोंड उघडलं पायजे. प्रत्येकानं."

आज मागं वळून पाहताना वाटतं, त्या सुगीत गावानं केलेला सगळ्यात मोलाचा ठराव हाच. तेव्हा मात्र तो निव्वळ एका हट्टी माणसाचा काटेकोरपणा वाटला होता.

सुनावणीच्या सकाळी दोन टेम्पो भरून लोक बेळगावात उतरले. अण्णा मागं राहिले नाहीत. त्यांचं भात त्या दिवशी दुसऱ्यांनी कापलं. कचेरीत खुर्च्या खरोखरच पुरल्या नाहीत. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई बाहेरच्या जिल्ह्यातल्या होत्या. टेबलावर फायली, बाजूला गार झालेला चहा. दिवसभर असलीच गाऱ्हाणी ऐकून आलेला थकवा त्यांच्या चेहऱ्यावर होता. त्या "हेळि" म्हणाल्या, आणि मग समोरची तोंडं पाहून, "बोला."

एरवी अशा ठिकाणी काय होतं हे मी बातमीदार म्हणून पाहिलेलं आहे. दोन पुढारी बोलतात, बाकीचे माना डोलावतात, आणि अर्ध्या तासात खोली रिकामी होते. त्या दिवशी तसं झालं नाही. एक उठला, त्यानं आपलं शेत सांगितलं, नंतर शेजाऱ्याचं. तो बसला तोवर दुसरा उभा होता. ज्यांनी उभ्या आयुष्यात साहेबासमोर तोंड उघडलं नव्हतं तेही घसा खाकरून उठत होते. एक जण म्हणाला, "माझंबी हेच म्हणणं हाय," आणि बसायला लागला. मागून आवाज आला, "ए, हे धरायचं न्हाय! स्वतःचं बोल!" तो बिचारा पुन्हा उठला आणि आपल्या शेतातून ओढ्याचं पाणी कसं वळतं ते सांगत राहिला.

बाईंनी दुभाष्या म्हणून सोबत आलेल्या जिनाप्पांना कानडीत विचारलं की हे काय चाललंय. जिनाप्पांनी पैऱ्याची अट समजावून सांगितली. बाईंच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. त्यांनी गार चहा बाजूला सारला आणि दुसरा मागवला.

गावात सगळ्यांना हिरवाच रंग हवा होता असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. शिवाराच्या वर मुरमाड माळ आहे. तिथे काही पिकत नाही आणि तिथल्या मालकांना पिवळा हवा होता. घरं झाली तर त्यांचं कल्याण होतं. तेही उठले आणि तसं बोलले. कुणी त्यांना खाली बसवलं नाही, कारण त्यांचाही पैरा धरायचा होता. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, पण रस्ता सरकायला जागा दाखवली ती त्यांनीच.

आक्काची पाळी आली तेव्हा ती सरळ कानडीत बोलू लागली. तिचं माहेर संकेश्वरकडचं, कानडी बोलणाऱ्या वस्तीतलं. गावात इतकी वर्षं तिची कानडी कुणी ऐकली नव्हती. अण्णांनी छताकडं पाहिलं, मग खाली, मग पुन्हा छताकडं. बाई म्हणाल्या की पाहणी झाली तेव्हा त्या भागात काहीच दिसलं नव्हतं. पाहणी वैशाखात झाली होती.

"बरोबर हाय, वैशाखात काहीच नसतंय तिथं," आक्का म्हणाली.

"मग आत्ता काय आहे?"

"आत्ता या आणि बघा. जेवायलाच या."

मला वाटतं, त्या आराखड्यातली खरी चूक एवढीच होती. त्यात कुणाचा डाव नव्हता. जमीन कुठल्या ऋतूत पाहिली यावर ती कशी दिसते ते अवलंबून असतं. वैशाखातलं आमचं शिवार खरंच मोकळं असतं. जमिनीला भेगा पडलेल्या असतात, गुरं इकडून तिकडे हिंडत असतात, आणि नवख्याला वाटावं की इथे काही व्हायचंच बाकी आहे. माणसांचंही असंच होतं. कुणी आपल्याला आपल्या उन्हाळ्यात पाहतं आणि तोच आपला कायमचा रंग समजून जातं.

बाई आल्या. बोलावणं मनावर घेतलं म्हणून की इतक्या जणांनी एकच जागा सांगितली म्हणून, ते माहीत नाही. सोबत रस्त्याचा अभियंता होता. त्या दिवशी आक्काच्या पट्टीत अण्णा आणि मी पैरा फेडत होतो. माझा विळा धाटाऐवजी हवेतच जास्त फिरत होता. आक्का दोनदा म्हणाली, "पेपरात लिवणं सोपं हाय, न्हाय रं?" मी दोनदा हो म्हणालो.

बाई शेतात उतरल्या आणि चौथ्या-पाचव्या पावलाला त्यांची चप्पल चिखलात रुतली. वर वाळलेलं दिसत होतं, खाली ओल तशीच होती. आक्कानं वाकून चप्पल ओढून काढली, पिंजराच्या मूठभर काड्यांनी पुसली आणि पुढं ठेवली. अभियंत्यानं टाच दाबून पाहिली. टाच आत गेली. त्यानं पुन्हा दुसरीकडे दाबली. मग तो मान वळवून वरच्या माळाकडे बघत राहिला. अण्णा मराठीत काहीतरी म्हणाले, बाईंनी कानडीत उत्तर दिलं, आणि दोघांनाही दुभाष्या लागला नाही. जेवायला त्या थांबल्या नाहीत. पाणी मात्र प्यायल्या. जाताना कापलेल्या पेंढीजवळ क्षणभर उभ्या राहिल्या, खोल श्वास घेतला, आणि गाडीत बसल्या.

नंतर महिनेच्या महिने काही कळलं नाही. भात घरात आलं. त्याच ओलीत मसूर पेरला गेला, उगवला, निघाला. मसुराची आमटी ताटात आली तरी आराखड्याची बातमी येईना. लोक विचारायचे, "काय रं, पेपरात काय आलंय काय?" आणि मी नाही म्हणायचो. आक्का विचारत नसे. ती पुढच्या वर्षाचं बियाणं नेहमीसारखं बाजूला काढून, राख लावून, कणगीत ठेवत होती.

अंतिम आराखडा आला तो पुढच्या उन्हाळ्यातच. पंचायतीच्या भिंतीवर नवा नकाशा लागला. शिवार हिरवं होतं. रस्ता वर माळावरून गेला होता आणि माळ पिवळा झाला होता. मराठी प्रत आली नव्हती. ती अजूनही आलेली नाही, आणि अण्णा अजूनही दर वर्षी स्मरणपत्र पाठवतात.

कुणी गुलाल उधळला नाही, फटाके वाजले नाहीत. लोक नुसते येऊन बघून जात होते. काही जण परत येऊन पुन्हा बघत होते. एकानं नकाशाचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला. इतके दिवस छातीवर ठेवलेला हात खाली घ्यावा तसा गाव दिसत होता.

आक्का आली. यावेळी तिनं मला काही विचारलं नाही. हिरव्यात बोट ठेवून तिनं आपली पट्टी शोधली, वरून खाली बोट फिरवलं, आणि ते मध्ये कुठंच अडलं नाही. अण्णा तिथंच उभे होते. काहीतरी गोड बोलेल म्हणून ते वाट बघत असावेत.

"अण्णा," ती म्हणाली, "तुमी तीन नांगरणी झाली माझा बांध कोरालाय."

"काय?"

"ओढ्याकडच्या अंगाला. हातभर आत आलाय. मी बघालो न्हाय असं वाटलं काय तुमास्नी?"

"मग इतकं दिस का गप बसलीस?"

"रस्त्याखाली जाणाऱ्या जाग्याला बांध कशाला मागू? आता मागालो. चला, आत्ताच मोजूया."

"हातभर न्हाय, ईतभर हाय! आणि ती माझीच हाय! माझ्या आज्ज्यापासनं—"

"तुमचा आज्जा राहू दे, तुमी चला!"

उन्हानं डांबर मऊ झालं होतं. दोघं भांडत शिवाराकडं निघाले, ती पुढं, अण्णा मागं. आवाज वळणापलीकडूनही ऐकू येत होते. वर्षभरात पहिल्यांदाच त्या जमिनीतल्या हातभर जागेसाठी कुणीतरी कुणाशी भांडत होतं.